सूर्यचूल आणि बळवंतची मोळी

लाकडं संपली की बळवंतच्या घरात एकच तोडगा निघे, पोरीची, स्वराची, शाळा बुडवून तिला रानात लाकडांना धाडायचं! वाणगावपलीकडच्या त्या पाड्यावर यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण या वेळी त्याची बायको लाडकी अडून बसली. तिने पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून चकचकीत कागद चिकटवला, काळ्या रंगाच्या डब्यात तांदूळ-पाणी घालून तो आत ठेवला, वर काच लावली आणि खोका अंगणात उन्हाला मांडला.

"खोक्यात कुठं भात शिजतो? येडी झालीस काय!" बळवंत हसला. "आज नाय शिजला, तर उद्यापासून स्वरा लाकडांना जाईल. शाळा गेली चुलीत!"

"कबूल. पण दोन वाजेपर्यंत काच उघडायची नाय," असं बजावून लाडकी चिकूच्या वाडीत कामाला गेली.

बोईसरच्या कंपनीत राबणाऱ्या बळवंतला सुट्टीच्या दिवशी चैन पडेल तर शपथ! दर दहा मिनिटांनी तो काच उचलून बघे. साडेअकरा झाले तरी तांदूळ टणकच. आपण जिंकलो म्हणून तो खूश झाला खरा, पण पोटात कावळे ओरडू लागले होते आणि चुलीपाशी एकही काटकी नव्हती. चरफडत, कोयता घेऊन तो डोंगराकडे निघाला.

अहो, कंपनीत पोती उचलणारा गडी तो! पण ती चढण, ते काटे, ते रणरणतं ऊन आणि डोक्यावर मोळी! वाटेत तीनदा मोळी टाकून तो मटकन खाली बसला. चौथ्यांदा उचलताना त्याला स्वरा आठवली. हे ओझं आपण चौदा वर्षांच्या लेकीच्या डोक्यावर देत होतो? त्याची त्यालाच लाज वाटली.

घरी पोहोचला, तेव्हा लाडकी नुकतीच काच उघडत होती. आत वाफाळता, मऊ भात!

"अगं, मी तर धा वेळा उघडून बघितलं," तो खाली मान घालून म्हणाला.

"म्हणूनच शिजत नव्हता. काच उघडली की ऊब जाते. तू रानात गेलास, तेव्हा कुठं त्याला निवांत शिजता आलं! धूर नाय, लाकूड नाय. आता बोल, स्वरा कुठं जाईल?"

"शाळेत! आन पावसात ऊन नसंल, तवा मोळी मी आणीन."

वाचकहो, ऊन आपल्याही अंगणात येतं, एक खोका करून बघाच. आणि ज्या ओझ्याला आपण कधी हात लावला नाही, ते कुणी वाहायचं हे ठरवण्याआधी एकदा स्वतः उचलून बघा!