डोन्या एलिदाच्या दारामागचा खटखटा

मित्रांनो, मी एक जुना खटखटा आहे. सीडरच्या लाकडाची एक फळी, तिला खाली मूठ, आणि दोन्ही अंगांना बिजागरीवर झुलणारे दोन लाकडी हातोडे, एवढाच माझा संसार. मूठ धरून मनगट झटकलं की हातोडे फळीवर आपटतात आणि असा करकरीत आवाज निघतो की अंगणातल्या कोंबड्या वाट फुटेल तिकडे पळतात. मेक्सिकोच्या दक्षिणेला, डोंगरात वसलेल्या आमच्या एल पिनार गावात मला मत्राका म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी आवाज तोच.

मी वर्षातून जेमतेम तीन दिवस कामाला लागतो. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, चालू असताना चर्चच्या घंटा एकदा खणखणून वाजतात आणि मग गप्प होतात. प्रभूला धरून नेलं, मारलं, पुरलं. तो उठेपर्यंत घंटेने तोंड उघडायचं नाही, अशी रीत आहे. तेवढ्या दिवसांत लोकांना प्रार्थनेला बोलावण्याचं काम माझं असतं. घंटाबाई बाकीचं सबंध वर्ष लग्नं, बाप्तिस्मे आणि सण यांत मिरवत असते. माझ्या वाट्याला फक्त मरणाचे दिवस आले. तरुणपणी मला याचा फार राग यायचा.

मला घडवलं ते गावचे सुतार डॉन रोसालिओ यांनी; आमच्याकडे मानाने पुरुषाला डॉन आणि बाईला डोन्या म्हणतात. त्यांच्या अंगणातल्या सीडरवर वीज पडली, तेव्हा त्यांनी झाड तोडून चांगल्या फळ्या माळ्यावर रचून ठेवल्या. "नाहूमच्या लग्नाचा पलंग करीन यातून," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. नाहूम हा त्यांचा एकुलता एक मुलगा. चर्चमधला जुना खटखटा वाळवीने खाल्ला होता, म्हणून उरलेल्या तुकड्यातून त्यांनी मला बनवलं. पलंगाचा धाकटा भाऊ म्हणा ना मला.

पहिल्या वर्षापासून मला वाजवलं ते नाहूमनेच. त्याचा हात लागला की माझ्या अंगात वारं शिरायचं. तो अनवाणी गल्ल्यांतून पळायचा, मी कडकडायचो, आणि बायका चुलीवर पाकात उकळणारी तोर्रेखास, म्हणजे पावाची गोड भजी, तशीच टाकून दारात यायच्या. नाहूमच्या डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून एकमेकांना जोडलेली होती. प्रार्थना चालवणारी डोन्या ओतिलिया, म्हणजे त्याची धर्ममाता, मद्रिना, त्यावरून त्याला कधी सोडायची नाही.

"ए बदका! जरा हळू वाजव. प्रभू मेलाय, बहिरा नाही झाला!"

"मद्रिना, तुम्हाला ऐकू यावं म्हणून वाजवतोय!" असं म्हणून तो आणखी जोरात मनगट फिरवायचा. माझी मूठ त्याच्या तळव्याने घासून गुळगुळीत झाली. अजूनही ती तशीच आहे.

मग एका वर्षी कॉफीच्या झाडांवर तांबेरा पडला. मळे लाल होऊन वाळले आणि गावातली तरुण मुलं एकेक करून उत्तरेकडे, मेक्सिकोपलीकडे मजुरीला निघाली. नाहूमही निघाला. त्याची आई, डोन्या एलिदा, हिने त्याच्या निळ्या जाकिटाच्या अस्तरात लाल दोऱ्याने त्याचं नाव शिवलं.

"आई, मी काय शाळेत चाललोय?" तो हसून म्हणाला.

"हरवलास तर कुणीतरी वाचेल आणि आणून सोडेल," ती म्हणाली.

मेक्सिकोतून त्याचा एकदा फोन आला. इथे फार थंडी आहे, एवढं तो बोलला आणि फोन तुटला. नंतर काहीच कळलं नाही.

पुढच्या पवित्र आठवड्यात मला न्यायला माणसं आली, तेव्हा डोन्या एलिदा आधीच चर्चमध्ये येऊन मला उचलून घेऊन गेली होती. "ही मूठ नाहूमच्या हाताची आहे. तो येईल तेव्हा वाजवील," असं म्हणून तिने मला आपल्या घरात, दारामागच्या खिळ्याला टांगलं. चर्चमध्ये तेव्हापासून बाकावर काठी आपटून वेळ मारून नेऊ लागले. माझ्या हातोड्यांवर जाळी धरली. पण मला दुःख झालं ते दुर्लक्षाचं नव्हे. डोंगरावरून वारा उतरला की फटीतून आत शिरतो आणि माझा हातोडा हलतो. एकदाच, टक्. कुणीतरी दार वाजवावं तसं. आणि प्रत्येक वेळी डोन्या एलिदा हातातलं टाकून उठायची आणि दार उघडायची. बाहेर कुणी नसायचं. ती थोडा वेळ वाटेकडे बघायची आणि दार लावून घ्यायची. मला जीभ असती तर मी ओरडून सांगितलं असतं, बाई, मी आहे, वारा आहे. पण मित्रांनो, प्रत्येक वेळी तो वाराच होता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

अशी काही वर्षं गेली आणि एक दिवस राजधानीतून निरोप आला. उत्तरेच्या वाळवंटात एक तरुण मेलेला सापडला होता, कोरड्या वाळूत बराच काळ पडून सुकलेला. अंगात निळं जाकीट होतं आणि अस्तरात नाहूमचं नाव होतं. त्याला गावी पाठवत होते.

डॉन रोसालिओंनी माळ्यावरून पलंगाच्या फळ्या काढल्या आणि त्यांची शवपेटी केली. रंधा मारताना ते मध्येच थांबायचे, फळीवरून हात फिरवायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मी खिळ्यावरून सगळं बघत होतो. ते माझंच लाकूड होतं. तो वास मला माझ्याच अंगाचा येत होता.

पवित्र गुरुवारी दुपारी ट्रक आला आणि पत्र्याची बंद पेटी अंगणात ठेवून निघून गेला. घरात पाइनच्या सुयांचा हिरवा सडा पसरला होता, शेजारणी कॉफी उकळत होत्या. पुरण्याआधी मुलाच्या पायात नवे मोजे घालायचे, असा डोन्या एलिदाचा हट्ट होता. मेलेल्याला लांब चालायचं असतं, त्याला उघड्या पायांनी पाठवू नये, असं आमच्याकडे मानतात. रोसालिओंनी पायांकडची बाजू उघडली. वर जाकीट घडी करून ठेवलेलं होतं. तिने अस्तरातला लाल दोरा पाहिला आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. मग तिने कापड बाजूला सारून डावा पाय हातात घेतला.

पाचही बोटं वेगवेगळी होती.

तिने ती एकेक करून चाचपली. मग हसायला लागली, रडत रडत हसायला लागली. "हा नाही! रोसालिओ, हा आपला नाही! माझा पोर जिवंत आहे!"

शेजारणींनी छातीवर क्रूस केला. कुणी आनंदाने रडलं, कुणाला काय करावं ते सुचेना. थोड्या वेळाने ओतिलियाने विचारलं, "मग हा कोण गं?"

"मला काय माहीत? परत न्या त्याला."

"कुठे नेणार? ट्रक गेला. आणि कोमाद्रे, खड्डा खणून तयार आहे." मुलाची आई आणि धर्ममाता एकमेकींना कोमाद्रे म्हणतात.

"तो खड्डा नाहूमचा आहे! पेटी नाहूमची आहे! त्यात दुसऱ्याला घातलं तर मी माझ्या पोराला मेलेला म्हणून कबूल केल्यासारखं होईल. मी हात लावणार नाही आणि लावू देणार नाही."

संध्याकाळच्या विधीसाठी पाद्रे सेल्सो खेचरावरून आले, तेव्हा तो मुलगा अंगणातच, दारासमोर, आंब्याच्या सावलीत पडून होता. पाद्रे वयस्क होते, गुडघे दुखरे, बोलणं थोडं. डोन्या एलिदाने त्यांना उंबऱ्यावरच अडवलं.

"पाद्रे, इतकी वर्षं मी रोज माळ जपते. देवाकडे पोर मागितलं तर त्याने दुसऱ्याचं मढं पाठवलं. माझ्या दुःखाचं देवाला करायचं तरी काय आहे?"

"मला माहीत नाही, एलिदा," पाद्रे म्हणाले. "माहीत असल्यासारखं बोललो तर खोटं बोलेन. एवढंच सांगतो. उद्या प्रभूची आईही क्रुसाखाली उभी असेल, आणि तिलाही कुणी कारण सांगितलेलं नाही. ती फक्त तिथून हलली नाही."

"तिला तिचा मुलगा तरी मिळाला, मांडीवर घ्यायला."

पाद्रेंनी पेटीवर आशीर्वादाचा हात ठेवला आणि ते चर्चकडे उतरले. ओतिलिया जाताजाता मागे वळून म्हणाली, "मेलेल्याला एकटं ठेवत नाहीत, कोमाद्रे. एवढं तरी लक्षात असू दे."

सगळं गाव खाली गेलं, रोसालिओसुद्धा. डोन्या एलिदाने दार लावून घेतलं आणि ती अंधारत चाललेल्या घरात बसून राहिली. खालून घंटा ऐकू आल्या. त्या खणखणल्या आणि एकदम थांबल्या. आता तिकडे पाद्रे कमरेला फडकं बांधून गावकऱ्यांचे पाय धुवायला वाकले असतील. गुरुवारी ते दरवर्षी धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले म्हणून.

त्या वेळी वारा अजिबात नव्हता. पाइनची एक सुई हलत नव्हती. आणि माझा हातोडा उचलला गेला. कुणी उचलला, मित्रांनो, ते मला विचारू नका. मला मुठीवर एक तळवा जाणवला, ओळखीचा, घामेजलेला. टक्.

ती उठली. सवयीनेच उठली, पळत गेली आणि तिने दार उघडलं. समोर तो होता. कुणाचा तरी मुलगा, पत्र्याच्या पेटीत, अंगणात एकटा.

दार तिने यावेळी लावलं नाही. ती उंबऱ्यात उभी राहून जाकिटाकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या तोंडून शब्द निघाले, जणू कुणीतरी तिला ते सांगत होतं.

"त्याने तुला जाकीट दिलं. थंडी होती ना? तो फोनवर म्हणाला होता, थंडी आहे. तुला जास्त वाजत असेल, म्हणून त्याने आपलं काढून तुझ्या अंगात घातलं. असाच आहे तो." ती खाली बसली. "माझ्या पोराने तुला पांघरूण घातलं, आणि मी तुला दाराबाहेर टाकलं रे."

तिने चुलीवरचं कोमट पाणी परातीत आणलं, फडकं आणलं. त्याचे पाय तिने मांडीवर घेतले आणि बोटाबोटांतून वाळवंटाची माती धुतली. "या पायांना कुणीतरी तेल लावलं असेल लहानपणी," असं ती पुटपुटत होती. "तिला कळतही नसेल की तू इथे आहेस. ती दार उघडून बघत असेल." धुऊन झाल्यावर तिने नवे मोजे त्याच्या पायात घातले. जाकीट त्याच्या अंगावर पसरलं. ते ठेवून घ्यायचा मोह तिला झाला असणार, कारण तिची बोटं लाल दोऱ्यावर अडकली. पण ती म्हणाली, "त्याने दिलंय. मी कशी काढून घेऊ?"

गाव परत आलं तेव्हा ती त्याच्या उशाशी मेणबत्ती लावून नमो मरिया म्हणत होती. ओतिलिया शेजारी बसली आणि पुढची ओळ तिने उचलली.

दुसऱ्या दिवशी, शुभ शुक्रवारी, त्याला नाहूमच्या पेटीत ठेवलं. रोसालिओंनी झाकणावर हात टेकवून म्हटलं, "चांगला पलंग झालाय, बाळा. झोप." त्या दिवशी मिस्सा नसते, गाणं नसतं, घंटा नसते. माणूस अगदी मुकाट्याने मातीत जातो. पाद्रे प्रार्थनेचं पुस्तक मिटून निघणार, एवढ्यात डोन्या एलिदाने मला खिळ्यावरून काढलं, शालीच्या टोकाने जाळी पुसली आणि नाहूमच्या हाताच्या जागी स्वतःचा हात ठेवून माझी मूठ घट्ट धरली.

"घंटा नाही, पण हा तर आहे," ती म्हणाली.

घरापासून दफनभूमीपर्यंत ती मला वाजवत चालली. तिचं मनगट दुबळं, ठेका चुकत होता, पण माझ्या आयुष्यात मी इतका जीव तोडून कधी वाजलो नव्हतो. माती टाकून झाल्यावर ती पाद्रेंना म्हणाली, "माझं दुःख कुठे ठेवावं ते मला कळत नव्हतं. आता त्याच्या आईच्या दुःखाशेजारी ठेवलंय. तसंच जड आहे, पण एकटं नाही." पाद्रेंनी चष्मा काढून पुसला.

नाहूमचा अजून पत्ता नाही. त्या अनोळखी मुलाच्या थडग्यावरच्या क्रुसावर नाव लिहिलेलं नाही; तिथे आंबे आणि फुलं ठेवली जातात. दर पवित्र आठवड्यात डोन्या एलिदा मला घेऊन गल्ल्यांतून फिरते आणि ओतिलिया अजून तिला हळू वाजव म्हणून टोकते. बाकी दिवस मी दारामागेच असतो. अधूनमधून टक् करतो. ती उठते, दार उघडते, वाटेकडे बघते आणि म्हणते, "पोरा, कुठे असशील तिथे कुणीतरी तुझे पाय धुवो." मग वाट चुकलेला कुणी दिसला, उत्तरेकडे निघालेलं एखादं पोर दिसलं, तर त्याला आत घेते. कॉफी देते, बीन्स आणि मक्याच्या तोर्तिया वाढते. त्याच्या पायांकडे एकदा नजर टाकते.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. लाकूड आहे, कधीतरी वाळवी खाईलच. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या दारावर टक् असं वाजलं, तर वारा आहे म्हणून बसून राहू नका. उठा आणि दार उघडा. तिथे जो असेल, तो कुणाच्या तरी आईचा आहे.