धूळ नको, आवाज नको

मी करारनामा बोलतोय. घरदुरुस्तीचा. हसलात ना? हसा, हसा. आमच्या जमातीला मान मिळतो तो सही होईपर्यंतच. सही वाळली की आम्हाला कुणी कुत्रं विचारत नाही. अलेक्झांड्रियात तर नाहीच नाही. माझ्या एका भावबंदात ताअमियाचे गरम वडे बांधून गेले. दुसरा रंगाच्या डब्याखाली आयुष्य काढतोय. तिसरा ठेकेदाराच्या सदऱ्याबरोबर धुतला गेला आणि त्याचा लगदा झाला. असं आमचं खानदान.

पण माझं तसं नव्हतं. माझ्यातला शब्द न् शब्द पाळला गेला. आणि तिथेच सगळा घोळ झाला.

मला जन्म दिला अब्ला दौलत यांनी. अब्ला म्हणजे ताईही आणि शाळेतल्या बाईही, आणि दौलतबाई दोन्ही होत्या. आयुष्यभर अरबी व्याकरण शिकवलं, मग शाळातपासनीस झाल्या. आता निवृत्त, विधवा. गुडघे गेलेले, पण जीभ आणि नजर शाबूत. चौथ्या मजल्यावर त्या आणि लेक नशवा, दोघीच राहायच्या.

नशवाचं लग्न ठरत होतं. मुलाची आई पहिल्यांदा घर बघायला आली, सोनेरी खुर्चीत गुडघे टेबलाला टेकवून बसली आणि निघताना म्हणाली, "दिवाणखाना छोटासाच, पण गोड आहे हो!"

तो 'गोड' शब्द अब्लांना असा झोंबला की विचारू नका. रात्रीचं जेवण गेलं नाही त्यांना. पुढल्या खेपेला तर सगळं गणगोत घेऊन ती मंडळी फातिहा वाचायला, म्हणजे लग्न पक्कं करायला येणार होती. अब्लांनी ठरवलं, गॅलरी बंद करून दिवाणखान्यात घ्यायची. अर्ध्या गल्लीने तेच केलेलं होतं.

ठेकेदार गल्लीतलाच, मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, फरगली. पोट सुटलेला, तोंडाने गोड. त्याला चौथीत अब्लांनीच व्याकरणात नापास केलं होतं. म्हणून तर त्यांनी त्याला निवडलं! त्यांचं म्हणणं असं, की नापास केलेला विद्यार्थी जन्मभर टरकून असतो.

फरगलीने खिशातून छापील कागद काढला. "हे घ्या अब्ला, इथे सही करा. सुपर लक्स काम! सगळं यात आलं."

"लक्स हा साबण आहे, फरगली."

"तसं नव्हे हो अब्ला. सुपर लक्स म्हणजे एकदम उत्तम."

"उत्तम म्हणजे काय?"

"म्हणजे..." फरगलीने मान खाजवली. "ते काम झाल्यावर कळतंच की."

अब्लांनी तो कागद दोन बोटांत धरून परत दिला आणि स्वतःचं पेन काढलं. असा माझा जन्म झाला. शुद्ध, ग्रांथिक अरबीत, आणि अक्षराअक्षराच्या डोक्यावर नि पायाशी स्वरांच्या खुणा. विभक्ती चुकायची सोयच ठेवली नाही बाईंनी. अशा खुणा करारावर कोण घालतं? फरगली बघतच राहिला. "अब्ला, यावर सही करू की हे पाठ करून येऊ?"

आता जरा मन घट्ट करून सांगतो. माझं पहिलं कलम मुळात एवढंच होतं: 'गॅलरी काचेने पूर्णपणे बंद करावी, अशी की धूळ आत येता कामा नये.' योग्यच आहे. वाळवंटातले खमसीनचे वारे सुटले की इथे चहात वाळू सापडते. एवढं लिहून अब्ला पेन ठेवणार, तेवढ्यात समोरून हाक आली.

समोरच्या इमारतीत, बरोबर समोरच्या गॅलरीत, त्यांची धाकटी बहीण सनिया. तीही विधवा, तिचेही गुडघे गेलेले. मधली गल्ली एवढीशी, पण दोघींना खाली उतरून वर चढणं नको वाटायचं. म्हणून रोज सकाळी दोघी आपापल्या गॅलरीत मुलुखियाची, म्हणजे इथल्या पालेभाजीची, पानं निवडत बसायच्या आणि तिथूनच बोलायच्या. भांडायच्या म्हणा ना. गल्लीला वर्तमानपत्राची गरज उरली नव्हती.

तर सनिया ओरडली, "अब्ला! अगं, काल बघितला मी जावयाला, खालून जाताना! मुलगा चांगला आहे गं. फक्त कपाळ थोडं मोठं वाटलं. मानेपर्यंत गेलंय!"

खालची भाजीवाली उम्म शहात हसली. न्हावी दुकानाबाहेर येऊन हसला. आणि फरगली, ज्याने मुळीच हसायला नको होतं, तोही फिसकन हसला.

अब्लांच्या अंगाचा तिळपापड झाला. पेन परत उचललं आणि कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं: 'आणि आवाजही आत येता कामा नये.'

रागाच्या भरात लिहिलेली ओळ माझ्याच अंगावर आली. पण मी काय बोलणार? तेव्हा तर मी खूशच होतो. केवढं वजनदार कलम!

माझी एक प्रत फरगलीने नेली. मला अब्लांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर चिकटवलं, येता-जाता फरगलीला दिसावं म्हणून. आणि काय सांगू तुम्हाला, तो बघायचा हो! कामाला हात लावण्याआधी माझ्यासमोर उभा राहून ओठ हलवत वाचायचा. जन्मात कधी कुणाचा करार न पाळलेला माणूस, पण अब्लांच्या घरात दुसऱ्यांदा नापास व्हायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. उघडणाऱ्या खिडक्या काढून टाकल्या. "खिडकी म्हटली की फट आली, आणि फट आली की आवाज आला," म्हणाला. दुहेरी काच बसवली, चहूकडून रबर ठोकलं, वर चिकट मसाला भरला. मग एका माणसाला बाहेर झुल्यावर बसवून बोंब मारायला लावली आणि स्वतः आत कान लावून बसला. बिचाऱ्याचा घसा बसला, पण आत टिपूस आवाज आला नाही.

"अब्ला, तपासा!" छाती फुगवून फरगली म्हणाला.

अब्लांनी तपासलं. धूळ नाही, आवाज नाही, एक चूक नाही. दिवाणखाना दुप्पट झालेला. मी भिंतीवर अभिमानाने फुललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्ला मुलुखियाची जुडी घेऊन काचेजवळ बसल्या. समोर सनिया आली. बसली. तोंड उघडलं. काहीतरी बोलली. पुन्हा बोलली. हातवारे केले. इकडे अब्ला नुसत्याच हसून मान डोलवत होत्या, जसं परक्या पाहुण्याला बघून हसतात. सनियाचं तोंड हळूहळू मिटलं.

तेवढ्यावर निभावलंही असतं. पण फरगलीला यश पचेना! कॉफीच्या दुकानात बसून माझा जुळा भाऊ तो सगळ्यांना वाचून दाखवायला लागला. "बघा, बाईंचं कलम बघा! आवाज आत येता कामा नये! आणि एवढीशीही आली नाही सनियाची कटकट!"

संध्याकाळपर्यंत ते उम्म शहातच्या भाजीच्या टोपलीवाटे सनियापर्यंत पोचलं. तिने गॅलरीचं दार ओढून घेतलं, लाकडी झडपा लावल्या. फोन केला तर उचलेना. नशवा निरोप घेऊन गेली, तर दाराआडून उत्तर आलं, "दौलत हानिमना सांग, आमचा आवाज त्यांच्या काचेला सोसत नाही. आम्ही कशाला यायचं?"

अब्ला नाही, दौलत हानिम! जन्मात पहिल्यांदा बहिणीने त्यांना बाईसाहेब केलं होतं.

"जा ना आई, भेटून ये," नशवा म्हणाली.

"मी का जाऊ? माझ्या जावयाला टकलू कोण म्हणालं?"

"तो आहेच टकलू, आई! मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे! पण मावशी आली नाही तर गुरुवारी फातिहा होणार नाही. तिनेच शिवलेला झगा घालून मी मोठी झाले. ती नसताना मी मान खाली घालून बसू आणि लोकांची मिठाई खाऊ? सांगून ठेवते, दारच उघडणार नाही मी त्यांना."

नशवा रडायलाच लागली. अब्ला सकाळी काचेजवळ बसायच्या, समोरच्या मिटलेल्या झडपांकडे बघायच्या आणि पानं निवडायच्या. देठ पातेल्यात नि पानं केरात जायची. बघवत नव्हतं मला. गुरुवार तर डोक्यावर आला होता.

शेवटी त्यांनी फरगलीला बोलावलं. "या काचेत एक खिडकी कर."

फरगली दचकला. बोट माझ्याकडे केलं. "कलम एक, अब्ला. पूर्णपणे बंद."

"मी सांगते ना!"

"तोंडी नको. चौथीत मी एक शब्द माझ्या मनाने बदलला होता, आठवतंय? सगळ्या वर्गासमोर उभं केलंत. म्हणालात, लिहिलेलं ते लिहिलेलं. आता मला बदल लेखी पाहिजे. खुणांसकट!"

वा रे पठ्ठ्या! मनातल्या मनात मीच त्याची पाठ थोपटली. अब्ला लालबुंद झाल्या. मग त्यांनी मला भिंतीवरून उतरवलं, टेबलावर पसरलं आणि पेनाचं टोपण तीनदा काढलं, तीनदा लावलं. लोकांच्या चुकांखाली लाल रेघा मारण्यात हयात गेलेली बाई ती. स्वतःची चूक कशी लिहितात, तेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग लिहिलं: 'पहिल्या कलमात माझ्याकडून चूक झाली. मात्र सनियाचा आवाज आत यावा.' खाली सही.

फरगलीने वाचलं. या खेपेला हसला नाही. खाकरून म्हणाला, "केवढी खिडकी करू, अब्ला?"

"सनियाच्या तोंडाएवढी."

"मग सगळी काचच काढावी लागेल."

अब्ला हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

बुधवारी सरकती खिडकी बसली. पण समोरच्या झडपा जशाच्या तशा. अब्लांनी हाका मारल्या, तरी झडपा हलल्या नाहीत. मग त्यांनी मला घडी घालून दोरीच्या टोपलीत ठेवलं आणि सरसर खाली सोडलं. ही गल्लीतली जुनीच रीत, भाजी अशीच वर-खाली होते. उम्म शहातने मला उचललं, समोर जाऊन ठणाणा केला, "सनिया! टोपली सोड, भेंडी कोवळी आलीय!" एक झडप किलकिली झाली आणि टोपली खाली आली. कोवळ्या भेंडीत तोंड खुपसून मी समोरच्या चौथ्या मजल्यावर पोचलो.

झडपा उघडल्या. सनियाने चष्मा चढवला, मला हातभर लांब धरलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागली. शाळा अर्ध्यात सुटलेली बाई, त्यात माझी ही ग्रांथिक भाषा. ठेचकाळत वाचत होती. "'गॅलरीने पूर्णपणे बंद करावी... धुळीला आत येता कामा नये...'"

चुकलं, चुकलं! एवढ्या खुणा डोळ्यांसमोर असताना! समोर अब्ला पडद्याआड ओठ चावत उभ्या होत्या. बोलायचं तर होतं, पण कुठल्या तोंडाने बोलणार!

सनिया खालच्या ओळीवर आली. थांबली. तिचा आवाज उतरला. "'पहिल्या कलमात माझ्याकडून चूक झाली.'" मग चष्मा पुसला, आणि पुन्हा मोठ्याने, "'मात्र सनियाला आवाज आत यावा!'"

"सनिया-चा!" पडदा फाडल्यासारखा बाजूला झाला आणि अब्ला खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. "चा! चा! षष्ठी आहे ती, गधडे! षष्ठी!"

न्हाव्याची कात्री थांबली.

सनियाने मला खाली केलं. "ऐकू येतं का गं तुला आता, अब्ला?"

"येतं."

"नीट येतं?"

"येतं गं बाई, येतं!" अब्ला आता उघड उघड रडत होत्या.

"मग ऐक. तुझ्या त्या काचेवर उजवीकडे वर बोटांचे ठसे आहेत. पाहुण्यांपुढे शोभा होईल. आणि उद्या मला वर कोण चढवणार, ते बघ. सांगून ठेवते, मी खुर्चीतूनच येणार."

गुरुवारी फरगली आणि न्हाव्याने तिला खुर्चीसकट चौथ्या मजल्यावर चढवलं. फरगलीच्या नाकी नऊ आले, पण प्रत्येक जिन्यावर सनिया त्याला सांगत होती, "हळू रे, करारात धक्के लिहिलेले नाहीत." मुलाच्या आईने तो मोठा दिवाणखाना बघितला आणि काही बोललीच नाही. तिला बोलायला सनियाने वाव दिला तर ना!

आता मी सनियाकडे असतो. अब्लांनी मला परत मागून पाहिलं, ती देत नाही. रोज सकाळी पानं निवडून झाली की ती मला उघडते आणि एक ओळ मोठ्याने वाचते. चुकवून वाचते. काल 'काचेने'चं 'काचेशी' केलं. समोरून लगेच अब्लांची फटकार येते, मग सनिया मिटक्या मारत हसते आणि तिथून दोघींचा दिवस सुरू होतो. नशवा सासरी गेल्यापासून अब्लांच्या घरात तेवढाच आवाज असतो.

एका कराराने सांगू नये, पण सांगतो. मला मोडलं, त्याचं मला काही वाटत नाही. पाळला गेलो तेव्हा मी कुणाच्याच उपयोगाचा नव्हतो. तुम्हीही घराला हात लावाल तेव्हा करार जरूर करा, कलमं नीट लिहा. फक्त रागात असाल तर पेन जरा खाली ठेवा.

बाकी माझं आता होत आलंय. घड्यांवर विरलोय, मधोमध फाटायला लागलोय. भेंडीचा डाग पडलाय तो वेगळाच. मी गेलो तर कुणीतरी माझी नक्कल करून सनियाला द्या, एवढंच मागणं आहे. आणि विभक्तीची काळजी करू नका. चुकलेलीच बरी.