चार छेद सहा

गणित सोडण्याच्या अर्जावर बाईंची सही तेवढी राहिली होती. समोर मुलगी मान खाली घालून बसली होती आणि सोबत आलेली मावशी तिची बाजू मांडता मांडता तिलाच टोचत होती. "बाई, आमच्या घराचा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा. हिनं तरी किती डोकं फोडावं?"

बाईंनी वही उघडली. एक छेद दोन अधिक तीन छेद चार. उत्तर चार छेद सहा. वर्षभर तीच चूक आणि तिच्यावर तीच लाल फुली. आज थकव्यानेच की काय, त्यांनी पहिल्यांदा विचारले, "असं का केलंस गं?"

"तुम्ही करता तसंच केलं, बाई."

"मी?"

मुलीने चाचणीची उत्तरपत्रिका पुढे सरकवली. पहिल्या प्रश्नाचे गुण १/२, दुसऱ्याचे ३/४, आणि खाली बाईंच्याच वळणदार अक्षरात एकूण ४/६.

"अगं बाई!" मावशीला हसू आवरेना.

बाई मात्र हसल्या नाहीत. जिला त्या वर्षभर ढ समजत आल्या, ती त्यांच्या हाताकडे इतक्या निष्ठेने पाहत होती. त्यांनी अर्ज मावशीला परत दिला. "यावर सही नाही करणार मी."

"मग तुमचं बरोबर आणि माझं चूक, असं कसं?" मुलीने मान वर केली.

उत्तर बाईंच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले आणि खुर्ची तिच्या शेजारी ओढून उत्तरपत्रिकेतल्या १/२ वर बोट ठेवले.

"आधी तू सांग, हा अर्धा कशाचा अर्धा आहे?"