आतानासियोचं शेवटचं टेबल

आतानासियोला जाऊन तीन वर्षं झाली, म्हणजे मृतांच्या सणाला त्याच्यासाठी टेबल मांडायची ही शेवटची खेप. पुढच्या वर्षापासून त्याचं तो बघेल. म्हणून त्याच्या बायकोने, नेमेसियाने, हात आखडला नाही. गाव भरलेलं असताना भाजायची तेवढे पाव भाजले, माणसाच्या आकाराचे, शिडीचे, घोड्याचे. उसाची कमान बांधली, तळलेले मासे वाढले आणि मधोमध त्याचा पांढऱ्या गणवेशातला फोटो ठेवला. देशाला समुद्र नाही, पण नौदल आहे. आतानासियोची सगळी नोकरी टिटिकाका तळ्यात गेली. बायका त्याला ‘तळ्यातला ॲडमिरल’ म्हणून चिडवायच्या. आता चिडवायलाही कोणी उरलं नव्हतं.

त्याचा आत्मा काल दुपारी बाराला आला असणार, आज बाराला निघणार. तेवढ्या वेळात लोकांनी दारी यावं, त्याच्यासाठी प्रार्थना म्हणावी आणि पाव न्यावेत. घरच्यांच्या प्रार्थनेवर त्याचं भागत नाही, त्याला परक्याच्या तोंडची लागते. आणि परकं माणूस आणायचं कुठून? अर्धं गाव एल आल्तोला गेलं, अर्धं ब्वेनोस आयरेसला शिवणकामाला. तिचा मुलगाही तिथेच.

गावात आता दुसरी चूल एकच, पलीकडच्या फुल्हेन्सियोची. त्याचं आणि आतानासियोचं काठावरच्या लव्हाळ्यांवरून वाजलं होतं, ते मरेपर्यंत मिटलं नाही.

“नाहीच आला मेला,” ती फोटोला म्हणाली. “तूच भांडून ठेवलंस ना? बस आता उपाशी.”

बोलली आणि तिला रडू फुटलं. उपाशीच जायचा होता तो, तेही कायमचा.

डोळे पुसताना तिच्या लक्षात आलं. फुल्हेन्सियोची बायको सिप्रियाना गेल्याच वर्षी वारली. म्हणजे तीही आज घरी आलेली. तिला एकटं टाकून तो बाहेर पडणार कसा? आत्मा घरात असताना घर सोडायचं नसतं. कालपासून दोघंही आपापल्या दारात दुसऱ्याची वाट बघत बसली होती.

तिने शालीत पाव बांधले, फोटो उचलला. “चल ऊठ. आणि तिथे तोंड सांभाळ.”

फुल्हेन्सियो दारातच होता. “वहिनी, घर टाकून आलात?”

“घरधनी बरोबर आणलाय. सरका जरा.”

त्याने फोटोकडे पाहिलं. “हा माझ्या टेबलावर बसणार?”

“तासाभराचा प्रश्न आहे. सिप्रियाना घेईल दोघांकडे बघून.”

“लव्हाळी माझीच होती, एवढं त्याला सांगा.”

“सगळी कापून न्या. घ्यायला कोण बसलंय इथे?”

तो काहीतरी पुटपुटला, पण त्याने पाव सरकवून जागा केली. मग टोपी काढून आतानासियोसाठी प्रार्थना म्हटली, सावकाश, एक शब्द न गाळता. तिने सिप्रियानासाठी म्हटली. दोघांनी एकमेकांना इतके पाव दिले की आठवडाभर संपले नसते. बारा वाजले, आणि टेबलाशी ती दोघंच राहिली.

“हिची अजून दोन टेबलं आहेत,” फुल्हेन्सियो म्हणाला. “पुढच्या वर्षी याल ना?”

“येईन की. मी आता मोकळीच.” मग थांबून तिने विचारलं, “मी गेले तर माझं मांडाल?”

“मांडीन. पण प्रार्थनेला कोण येणार, वहिनी?”

ते तेव्हाचं तेव्हा बघू, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण म्हणवेना. तिने एक पाव मोडला, अर्धा त्याला दिला, आणि दोघं रस्त्याकडे पाठ करून खायला बसली.