तापलेलं बीड

सुर्व्याची साठ सालची गाडी माझ्या गॅरेजात आली, तेव्हा मॅनिफोल्ड फटफट करत धूर सोडत होता. इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणारा हा बिडाचा भाग पूर्वीही असाच तडकला होता. "गुणाजीने माझ्या गाडीची वाट लावली," असं सुर्वे तेव्हा भर नाक्यावर ओरडला. गुणाजी म्हणजे माझे बाबा. त्यांनी त्यानंतर पान्याला हात लावला नाही.

खरं तर फिरून आला की सुर्वेच तापलेल्या इंजिनावर पाणी ओतून धूळ धुवायचा. बाबा हात जोडायचे, "साहेब, थंड होऊ द्या, बीड तडकेल."

"मला शिकवू नकोस."

मी नवा मॅनिफोल्ड बसवला. कामात कसूर केली नाही. सुर्वे आरे-वारेपर्यंत फेरी मारून आला, तेव्हा नाक्यावरची तीच माणसं गाडीभोवती जमली.

"काम कसं झालंय?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"एक नंबर! तुझ्या बापाला नाही जमलं हे."

बॉनेट उघडून त्याने शेजारची बादली इंजिनावर ओतली. बीड टण्णकन तडकलं. सगळ्यांनी ऐकलं.

बादली मीच भरून ठेवली होती, बावीतून शेंदलेल्या गार पाण्याने.