खडीच्या गाडीने गेलेली कातर

गोजाबाई साप-विंचवाला भीत नसे. लांडग्याला तर तिने दोनदा काठीने पिटाळलं होतं. पण उशिराला ती भ्यायची. उशिराला काय भ्यायचं, असं कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातंय?

वळसंगच्या या धनगर घराण्यात एक रीत होती. लोकर कातरायची जुनी कातर दसऱ्याला घरी बिरोबापुढे ठेवायची. पूजा झाली की घरातल्या थोरल्या बाईने ती सोलापुरात शिकलगाराकडून धार लावून घ्यायची आणि कळप जिथे बसला असेल तिथे आपल्या हाताने पोचवायची. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार कातरणीचा; आदल्या दिवशी मेंढरं धुवायची. बाकीच्या कातरी कळपाबरोबर असत, पण पहिलं मेंढरू या कातरीनेच कातरायचं, त्याशिवाय दुसरी हलायची नाही. तो रविवार हुकला की कातरण गेलीच दिवाळीपलीकडे.

सहा वर्षांमागे कातर घेऊन जाताना गोजाबाई वाटेत माहेरी एक दिवस रेंगाळली होती. आई आजारी होती, पाय निघाला नाही. रविवार हुकला, आणि त्या थंडीत कळपात रोग शिरून चाळीस कोकरं गेली. रोगाचा आणि रविवाराचा काय संबंध, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सासू मरेपर्यंत तिला 'उशिराची' म्हणत राहिली. येडू, तिचा नवरा, मात्र त्यावर एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं होतं.

यंदा येडू, मुलगा ज्ञानबा आणि सून मायाक्का दीडशे मेंढरं घेऊन गुलबर्ग्याच्या अलीकडे, सावळगीच्या माळावर होते. शनिवारी दुपारच्या गाडीला येडू सावळगी स्टेशनावर येणार आणि तिला घेऊन कळपाकडे जाणार, असं ठरलं होतं. गोजाबाई गुरुवारीच सोलापुरात आली. शिकलगाराच्या चाकापुढे ठिय्या देऊन तिने धार लावून घेतली, अंगठ्यावर तपासली, नापसंत करून पुन्हा लावायला लावली. म्हातारा शिकलगार तिच्या तिन्ही पिढ्यांना ओळखत होता, म्हणून त्याने ऐकून घेतलं. शनिवारी गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत ती फडक्यात गुंडाळलेली कातर मांडीवर घेऊन स्टेशनावर बसली होती. गाडी दहाला होती. यंदा उशीर व्हायला तिने जागाच ठेवली नव्हती.

दहा वाजले, अकरा वाजले. फलाटावर माणसं वाढत गेली आणि गाडीचा पत्ता नाही. कुणी रायचूरला निघालेलं, कुणी गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला. साडेअकराला स्टेशनमास्तर बाहेर आला आणि त्याने सांगितलं की मद्रासच्या बाजूला समुद्रातून मोठं वादळ उठलंय, रायचूरच्या पलीकडे रूळ पाण्याखाली गेलेत, तिकडून यायची गाडी आलेली नाही, त्यामुळे इकडून जायचीही निघणार नाही. पुढचा हुकूम येईपर्यंत त्या दिशेला पॅसेंजर बंद.

लोकांनी वर पाहिलं. आभाळ असं लख्ख की डोळे दिपावेत. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर चटके देत होतं, वाऱ्याने पान हलत नव्हतं. गोजाबाईनेही वर पाहिलं, आणि ती नुसती पाहणारी नव्हती. मेंढरांमागे चाळीस वर्षं काढलेली बाई होती. पाऊस येणार असला की मेंढरं कशी गोळा होतात, मुंग्या अंडी घेऊन कुठे चढतात, वारा कुठल्या अंगाने ओला लागतो, हे तिला विचारायला गावातले शेतकरी येत. यातली एकही खूण आज नव्हती. कुठे तो समुद्र, कुठे मद्रास, आणि तारेच्या कडकडाटातून निघालेलं हे कागदी वादळ. तिने त्याला मनात धूप घातला नाही.

ती मास्तरच्या खोलीशी जाऊन उभी राहिली. आपल्याला फार लांब जायचं नाही, सावळगीपर्यंत रूळ धड आहेत, तेवढ्यापुरती गाडी सोडा, असं तिने त्याला परोपरीने विनवलं. एका बाईसाठी गाडी सोडत नाहीत हे तिला समजत नव्हतं असं नाही, पण गरजवंताला बोलण्यावाचून दुसरं काय असतं? मास्तर माणूस बरा होता. त्याने तिला खेकसून घालवलं नाही. घोंगडी, काठी, गळ्यातला बिरोबाचा टाक पाहून ती कोण हे त्याने ओळखलं आणि उलट विचारलं, "बाई, तुमची माणसं मेंढरं घेऊन उघड्यावर आहेत का?"

ती व्हय म्हणाली.

"मग ऐका. हे वादळ जमिनीवर चढलंय आणि याच बाजूला सरकतंय. परवापर्यंत तिकडे वारा-पाऊस लागणार. त्यांना आडोशाला जायला कळवायचं असेल तर सांगा, मी सावळगीच्या मास्तरला तार करतो."

गोजाबाई म्हणाली, "निरोप हाय की. पर तारेनं जाईल असा न्हाय त्यो."

मास्तरला त्यातलं काही कळलं नाही. त्याला तारेवर तारा येत होत्या. तो आत गेला.

इथे खरं तेच सांगितलं पाहिजे. मास्तरचं म्हणणं तिला अजिबात पटलं नाही, असं नाही. परवा वारा-पाऊस, म्हणजे सोमवारी. रविवारी मेंढरं कातरलेली असणार. अंगावरची लोकर उतरवलेलं मेंढरू थंड पावसात सापडलं तर सकाळ बघत नाही, हे धनगराच्या घरात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण तिने पुन्हा वर पाहिलं, आभाळ कोरडं ठणठणीत होतं. आणि मग सासूचा आवाज तिच्या कानात वाजला. त्या आवाजापुढे मास्तरचा आवाज फारच बारीक पडला.

दुपारी बाराच्या सुमारास मालाच्या फलाटाला एक गाडी लागली. खडी, स्लीपर, फावडी आणि शंभरेक मजूर. वाडी जंक्शनच्या पुढच्या पुलांवर पहारा ठेवायला आणि रूळ दुरुस्तीला ती चालली होती. सामान्य माणसाला तिच्यात जागा नव्हती. गोजाबाई डब्यांच्या कडेने धावत सुटली, आणि मजुरांचा मुकादम विरुपाक्ष तिला भेटला. तो गुलबर्ग्याकडचा, कानडी मुलखातला. येडूला त्याने माळावर पाहिलेलं होतं. तिला गाडीत घेणं त्याच्या हातात नव्हतं. गाठोडं घ्यायला तो तयार झाला.

"अव्वा, गाडी सावळगीला थांबत न्हाई, नुसती हळू होती," तो म्हणाला. "तुझा मालक फलाटावर असला तर हातात टाकतो. बोलायला टाइम मिळनार न्हाई. काय सांगायचं ते एका बोलात सांग."

एका बोलात. तिच्या जिभेवर दोन बोल होते. वादळ येतंय म्हणून सांग, असं म्हणायला तिने तोंड उघडलंही. पण ते ऐकून येडू कचरेल, रविवार जाईल, कातर वेळेवर पोचवूनही पुन्हा ठपका आपल्याच कपाळी येईल, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. इंजिनाने शिट्टी दिली.

ती म्हणाली, "त्यास्नी सांगा, रविवार चुकवू नका म्हनावं."

गाडी गेली. इतकी वर्षं छातीवर असलेला दगड उतरल्यासारखं तिला वाटलं. ती स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत आली, भाकरी खाल्ली आणि गाढ झोपली. रविवारी सकाळी तिने मनातल्या मनात पहिल्या मेंढरावर हळद टाकली. दिवसभर ऊन होतं. संध्याकाळपर्यंत दीडशेच्या दीडशे मोकळी झाली असतील, असा हिशेब तिने बांधला, आणि शेजारच्या बाईला आपण होऊन दोन गोष्टी सांगितल्या.

सोमवारी दुपारी वारा सुटला. तो पूर्वेकडून आला, ज्या अंगाने या दिवसांत कधी येत नाही. आधी धुळीचे लोट, मग धर्मशाळेच्या पत्र्यांचा खडखडाट, आणि तास दोन तासांत आभाळ काळंनिळं होऊन पाऊस आडवा मारायला लागला. गार पाऊस, हिवाळ्यात असतो त्याहून गार. गोजाबाई अंगणात जाऊन उभी राहिली. लोकांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. तिचं डोकं जागेवर होतं. चोळीखालचे उघडे दंड तिने पावसात धरले होते, आणि किती वेळ सोसवतं ते ती बघत होती. फार वेळ सोसवलं नाही.

तशीच ओली ती स्टेशनावर गेली आणि मास्तरला म्हणाली, तार करा, आत्ता करा. मास्तर म्हणाला, तारा सकाळीच तुटल्या. तिने त्याचे पाय धरले. त्याने ते सोडवून घेतले. त्याच्याही डोळ्याला दोन दिवस डोळा नव्हता.

पाऊस तिथे दोन दिवस होता. तिकडे किती होता ते कुणालाच माहीत नव्हतं. बुधवारी ऊन पडलं. गुरुवारी वाडीपर्यंतचे रूळ मोकळे झाल्याची खबर आली, आणि शुक्रवारी अकराला त्या बाजूने पहिली पॅसेंजर आली. गोजाबाई या चार दिवसांत फलाट सोडून कुठे गेली नव्हती.

ज्ञानबा उतरला. आई अडकून पडली असेल हे धरून तो थेट सोलापूरला आला होता. तिने त्याच्या मागच्या दाराकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्याकडे पाहिलं. डोकं तासलेलं होतं.

तिने हंबरडा फोडला नाही. बाकावर बसली. तो शेजारी बसला आणि खाली बघत सांगू लागला. सोमवारी पाऊस लागला तेव्हा माळावर झाडोरा नव्हता. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली शिरत होती आणि तिथेच बसत होती. येडूने आपली घोंगडी काढून दोन गाभण्यांवर टाकली, अंगरखा तिसरीवर. ज्ञानबाने ओढून आणला तर तो पुन्हा जायचा. मंगळवारी उजाडता त्याचे दात वाजायचे थांबले, आणि दुपारी तो गेला. तिथेच माळावर मूठमाती दिली. मेंढरं सगळी गेली. कोकरं तेवढी राहिली, कारण कोकरं कातरत नाहीत; पण त्यांना दूध द्यायला आता आया नव्हत्या. ज्ञानबाची बायको मायाक्का त्यांना ओल्या फडक्याने दुसऱ्यांच्या शेळ्यांचं दूध पाजत तिथेच थांबली होती. रोज दोन-चार कमी होत होती.

"आप्पा शेनिवारी मेंढरं धुवायला काढतच न्हवतं," ज्ञानबा म्हणाला. "सावळगीचा मास्तर वादळाचं बोलला हुता. मेंढरं बी सकाळधरनं चरंनात. आप्पा म्हनलं, यंदा ऱ्हाऊ दे, देव काय आपला वैरी न्हाय. मग कातर आली, आन् तुजा सांगावा."

"मग?" गोजाबाई म्हणाली.

"कातर हातात घिऊन लई येळ हुबं ऱ्हायलं. मग म्हनलं, तुजी आय मोठ्या ठेसनात बसलीया, तितं मुलखाच्या तारा येत्यात. खरंच भ्या असतं तर तिला आपल्या आदी समजलं असतं, तिनं कातर धाडलीच नसती. आन् धुवायला काढली."

फलाट रिकामा झाला होता. हमाल गोण्या ओढत होते. तिने गप्प राहायचं म्हटलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. मास्तरला रोज शंभर माणसं भेटतात, विरुपाक्ष मुलखाच्या पलीकडे पुलावर होता. पोरगा उरलेला होता, तो एकुलता एक होता, आणि तिला तो हवा होता. हे सगळं तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

"मला समजलं हुतं," ती म्हणाली. "मास्तर तार करतो म्हनला हुता."

ज्ञानबाने मान वर केली. "कवा?"

"कातर द्यायच्या आदी."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग तो उठला आणि बापाचे दिवस घालायला घरी, वळसंगच्या रस्त्याला लागला. सात कोसांची वाट होती, चिखल घोट्यापर्यंत होता. तो पुढे चालत होता आणि ती मागे. त्याचं पाऊल मोठं, तिला ते गाठता येईना, आणि अंतर वाढत गेलं. तिने त्याला थांब म्हटलं नाही.