कोपऱ्यातली नारिंगी तारीख

मी बोलतोय, पण आधी तुमचं ते तेलकट बोट माझ्या काचेवरून काढा. चिवडा खाऊन कॅमेरा धरायचा नसतो. हे आमच्या घरात सांगून उपयोग झाला नाही, तुम्हाला तरी सांगून पाहतो.

मी एक साधा, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा. रंग रुपेरी होता. आता कडा घासून आतलं काळं प्लास्टिक दिसतं. दोन पेन्सिल सेलवर चालतो. जन्म कुठल्याशा कारखान्यातला, आणि तिथली आठवण म्हणजे फक्त हातमोजे. हातमोज्यांतली माणसं मला आवडली होती. नंतर भेटली ती सगळी उघड्या हातांची.

सानगडीच्या खुशालरावांनी मला भंडाऱ्याहून आणलं, तेव्हा त्यांची लेक तृप्ती नुकतीच शाळेत जायला लागली होती. दुकानदारानं फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी तारीख छापायची सोय चालू करून दिली आणि म्हणाला, "आजची तारीख घरी टाकून घेजा." घरी कुणी टाकली नाही. माझं असं आहे, सेल उतरले की माझं घड्याळ पुसतं आणि मी एक जानेवारी दोन हजार दहावर जाऊन बसतो. त्यामुळे या घरातली बारशी, पोळे, होळ्या सगळं माझ्या लेखी त्या एकाच दिवशी झालं. इतके फोटो पाहिले, पण एकानंही विचारलं नाही की एकाच दिवशी बैल कसे सजले आणि रंग कसा खेळला. माणूस फोटोत आधी स्वतःला शोधतो. सापडला की फोटो चांगला, मिटले डोळे दिसले की कॅमेरा खराब.

आणि त्यांचं ते उभं राहणं. एरवी पारावर हातवारे करून बोलणारी माणसं माझ्यासमोर आली की खांबासारखी ताठ. हसा म्हटलं की दात दाखवतात, डोळे मात्र पोलीस पाटलाकडे बोलावल्यासारखे. फ्लॅश उडाला की तेच दचकतात आणि मलाच शिव्या देतात. खरं सांगू, त्या फ्लॅशनं सगळ्यात जास्त मी दचकतो. मी मुळातच भित्रा. पण ते कोण विचारतं.

मग मोबाईल आले. माझी रवानगी धानाच्या कोठीमागच्या पेटीत झाली. तिथं उंदीर माझी दोरी कुरतडायचा आणि प्रत्येक खुडखुडीला माझा जीव लेन्सशी यायचा. माणसांनी माझ्याकडे पाठ फिरवली याचं मला दुःख नाही. दुःख उंदराचं.

तृप्ती कॉलेजात गेली आणि तिनं मला बाहेर काढलं. प्रेमानं नाही, फॅशन म्हणून. तिच्या मैत्रिणींना माझे धुरकट फोटो आणि ती नारिंगी तारीख फार भावली. "कसं जुनं जुनं दिसते ना," म्हणायच्या. ज्यांनी मला उंदरापाशी टाकलं त्यांच्याच लेकींना मी आता जुना म्हणून हवा होतो. असो. सेल तरी नवे मिळाले.

बीएस्सी झाल्यावर तृप्तीला नागपूरला पॅथॉलॉजी लॅबच्या कोर्सला जागा मिळाली. खुशालराव ना हो म्हणाले, ना नाही. शेवटी म्हणाले, "मंडईत सोयरीक जुयली तं लग्न. नाई जुयली तं जाय नागपूरले. हा माह्या शब्द आहे." दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाळणे, रात्रभर नाचगाण्याची दंडार, नाटक, घरोघरी पाहुणे, आणि पाहुण्यांच्या मागोमाग लग्नाच्या गोष्टी. लोक दंडार पाहता पाहता पोरीही पाहून घेतात.

खुशालरावांची बहीण रुखमिणीआत्या एकोडीला दिलेली. तिनं तिथलं स्थळ आणलं. मधुकररावांचा मुलगा भूपेंद्र. मधुकररावांची अट एकच होती, ती आत्यानं त्यांच्याच आवाजात सांगितली.

"मोबाईलवर सगळ्याच पोट्ट्या गोऱ्या दिसतेत. मले कॅमेऱ्यातला फोटो पाहिजे. कॅमेरा खोटा बोलत नाई."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी स्तुती केली, आणि ती या माणसानं. मला आनंदही धड होईना.

फोटो आत्यानंच काढला. पहिल्या वेळी तृप्तीचं डोकं उडवलं, दुसऱ्या वेळी स्वतःचा अंगठा काढला. तिसऱ्या वेळी तृप्ती म्हणाली, "आत्या, ते तारीख..."

"चूप बस. तोंड हालते तुह्यं."

तोंड हललं नाही. साकोलीला जाऊन फोटो छापला, एकोडीला पोचला.

मंडईच्या दिवशी पाहुणे आले. मी टीव्हीशेजारच्या फळीवर होतो. बाहेर भोंगा अचानक सुरू झाला आणि मी फळीच्या कडेपर्यंत सरकलो. तृप्ती चहाचा ट्रे घेऊन आली, कप एकमेकांवर वाजत होते. तिची आई शकुंतलाबाई दारामागून पाहत होती. भूपेंद्र मोबाईलमधून मान वर करीना. मधुकररावांनी खिशातून फोटो काढला आणि चष्मा पुसला.

"खुशालभाऊ, ह्या फोटो दोन हजार दहाचा आहे."

"नाई नाई, आत्ताचाच आहे. आमच्या रुखमिणनं काढला."

"इथं लिवलं आहे ना. दोन हजार दहामंदी पोरगी एवढी मोठी. मंग आता किती? पस्तीस?"

तृप्ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. नुकती बावीस पूर्ण झालेली, गालावर एक पुटकुळी, नखांवर अर्धं उडालेलं नेलपॉलिश. तिच्याकडे नुसतं पाहिलं असतं तरी पुरे होतं. पण हा माणूस कागदाकडे पाहत होता. माणसाच्या डोळ्यांवर मला कधीच भरवसा नव्हता, पण ते इतके निकामी असतील असं वाटलं नव्हतं.

"भाऊ, सेल उतरले का तारीख पुसते त्याची," खुशालराव म्हणाले. "मार्कशीट दाखवतो मी तुमाले."

"कागद तं कोनीही बनवते. मी म्हनूनच तं कॅमेऱ्यातला फोटो मागितला होता."

आत्या घाईनं म्हणाली, "अवो, माह्या डोयासमोर जन्मली हे."

"तुमी तं घरच्याच. पोरीलेच इचारतो." मधुकरराव तृप्तीकडे वळले. "सांग बाई. हे तारीख खोटी आहे का?"

एका 'हो'चं काम होतं. तिनं 'हो' म्हटलं असतं तर मला फळीवरून काढून सगळ्यांना दाखवलं असतं, हसणं झालं असतं, साखरपुड्याची तारीख निघाली असती. नागपूर तिथंच संपलं असतं. तृप्तीनं ट्रे खाली ठेवला. कप वाजायचे थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी घाबरलो, माझा काय दोष.

"कॅमेरा कायले खोटा बोलन, काकाजी?" ती म्हणाली. "तुमीच म्हनलं होतं ना."

पाहुण्यांनी चहा घेतला नाही. चिवडा मात्र भूपेंद्रनं संपवला.

ते गेल्यावर आत्यानं घर डोक्यावर घेतलं. "दादा, हिनं नाक कापलं तुह्यं."

खुशालरावांनी नाकाला हात लावून पाहिलं. "जागेवरच तं आहे," म्हणाले. मग उठून बैलांना चारा टाकायला गेले. शब्द दिला होता, त्यामुळे नागपूरबद्दल बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पण गाव बोललं. पिठाच्या चक्कीवर एकीनं तृप्तीला विचारलंच, "काहो बाई, पस्तिशी लागली म्हन्ते तुमाले?" ज्या बाईनं हिला पाळण्यात झोका दिला होता, तीच विचारत होती. तृप्ती म्हणाली, "हो, गुडघे दुखतेत आता." पिठाचा डबा उचलून घरी आली आणि मागच्या खोलीत रडली. पाहणारा मी एकटाच होतो, आणि फोटो काढण्यासारखं ते नव्हतं.

नागपूरला निघायच्या सकाळी तिनं वडिलांना बोडीच्या, म्हणजे आमच्या लहान तळ्याच्या, पाळीवर उभं केलं. पाण्यात कमळाची पानं, मागे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. माझी बटणं टिकटिक दाबून तिनं काहीतरी बदललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आजचा दिवस कोणता ते कळलं.

"आता कायले बदलवून राहिली?" खुशालरावांनी विचारलं. "तशीच बरी होती ते."

"ह्या फोटोले खरी पाहिजे, बाबा."

ते ताठ उभे राहिले, खांबासारखे. शेवटच्या क्षणी मात्र हसू आवरता आलं नाही. चित्र थोडं हललं. तरी तो फोटो मी पोटात जपून ठेवला आहे. माणसांचे बाकी सगळे खुशाल पुसा.

आता मी नागपूरच्या एका खोलीत, खिडकीत असतो. काल आत्याचा फोन आला होता. राग विसरून नवीन स्थळ आणलंय, लाखनीकडचं. फोटो मागतात. तृप्तीच्या कोर्सची परीक्षा अजून लांब आहे.

"पाठवतो ना आत्या," ती गोड आवाजात म्हणाली. "कॅमेऱ्यातलाच पाठवतो."

माझे सेल उतरत आले आहेत. आज-उद्या मी विझेन, आणि जुन्याच सेलवर जरा धुगधुगी आली की पुन्हा एक जानेवारी दोन हजार दहा. माणसांपुढे हात पसरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण एवढं एक मागतो. इकडे येणार असाल तर बोट काचेवर ठेवा, चिवडा सांडा, काय करायचं ते करा. फक्त मेहेरबानी करून तिची परीक्षा होईपर्यंत माझी तारीख कुणी दुरुस्त करू नका.